छोटा फ्रॉगफिश पाळायचाय? आधी हात आवरायला शिका

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, टँक रिकामा का ठेवलाय? अहो रिकामा नाहीये, डावीकडच्या दगडाला चामखिळी आल्यासारखा पिवळट गोळा दिसतोय ना तो मासा आहे. वॉर्टी फ्रॉगफिश, दुकानात याला नुसतं अँगलर पण म्हणतात. वाढून साधारण १० सेंटीमीटरचा होतो, पोहायचा कंटाळा, फिन्सवर पाय टाकल्यासारखा चालतो आणि दिवसदिवस एकाच जागी बसतो.

त्यामुळे टँक अवाढव्य लागत नाही, एकट्याला १०० ते १२० लिटर पुरतो. हा समुद्री मासा, म्हणून पाणी आरओचं, त्यात मरीन सॉल्ट (टँकसाठीचं समुद्री मीठ), ग्रॅव्हिटी म्हणजे खारटपणाचं माप १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २६. लाइव्ह रॉक (जीवाणू असलेले समुद्री दगड) घालून टँक सायकल होऊ द्या, म्हणजे माशाची घाण मोडणारे जीवाणू पाण्यात नीट वाढू द्या, चारसहा आठवडे जातात, तोवर मासा आणायचा नाही म्हणजे नाही. प्रवाह मंद ठेवा आणि पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, कारण याला बसायला नेमकी तीच जागा आवडते. पुण्यात मे महिन्यात पाणी सहज तिशीपार जातं, चिलर परवडत नसेल तर पाण्यावर फॅन लावा, दोनेक डिग्री उतरतं, पण पाणी उडून खारटपणा वाढतो म्हणून रोज साधं आरओ पाणी घालून पातळी सारखी करायची, मीठाचं पाणी घालू नका. लाइट जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊनच ठेवा.

आणताना जाळीने बाहेर काढायचा नाही, ही चूक दुकानवाले पण करतात. हवेत काढला की तो हवा गिळू शकतो, मग ती आत अडकते आणि बिचारा पृष्ठभागावर बुचासारखा तरंगतो. पाण्यातच प्लास्टिकचा डबा बुडवा, हळूच आत घ्या, पाण्यासकट हलवा.

आता मुख्य मुद्दा, खाणं. डोक्यावर याला गळाची काठी असते, टोकाला आमिष, ते हलवून शिकार जवळ बोलावतो आणि साधारण ६ मिलिसेकंदात गिळून मोकळा, पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. स्वतःएवढा मासा पण तोंडात मावतो, म्हणूनच टँकमध्ये दुसरा मासा नको, दुसरा फ्रॉगफिश तर नकोच. मी शहाणपणा करून एक डॅमसेल (छोटा चपळ समुद्री मासा) सोडला होता, म्हटलं तेवढीच हालचाल दिसेल, सकाळी डॅमसेल गायब आणि अँगलरचं पोट फुगलेलं 😅 दोन दिवसांनी अर्धवट कुजलेलं सगळं बाहेर ओकला, पाण्यातला विषारी अमोनिया वाढला, रात्री अकरा वाजता बादल्या घेऊन पाणी बदलत बसलो. मोठा घास पचायच्या आधी पोटातच सडतो आणि त्यात मासा मरू पण शकतो. म्हणून घास त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा नको, मोठ्याला आठवड्यातून दोनदा, तीनचार सेंटीमीटरच्या पिल्लाला एक दिवसाआड छोटासा. तो तोंड उघडून जांभई देतो ती भूक नाही हो, देतच असतो.

सुरुवातीला जिवंतच लागतं. छोटी झिंगे चालतात, नाहीतर मोली (गोड्या पाण्यातली छोटी मासोळी), ती काही तासांत हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावते आणि तोपर्यंत उरली तरी मरून पाणी नासवत नाही. गोल्डफिश देऊ नका, चरबी जास्त, वर त्यात बी१ जीवनसत्त्व मोडणारा एन्झाइम असतो. मग बाजारातल्या ताज्या कोलंबीचा तुकडा (मीठ बर्फ लावलेली नको, चांगली धुवून) पारदर्शक काडीला लावून त्याच्या तोंडापासून चारपाच सेंटीमीटरवर हलवत राहायचं, तोंडाला टोचायचं नाही. माझ्या अँगलरने तीन आठवडे काडीकडे ढुंकून बघितलं नाही, चौथ्या आठवड्यात काडीसकट ओढलं.

अंगावर धूसर पापुद्रा आला तर घाबरू नका, कधीकधी तो वरची कातडी टाकतो, रंगही काही आठवड्यांत बदलतो. खवले नसल्यामुळे तांब्याची औषधं मात्र मनाने ओतू नका. आणि दगड हलवायच्या आधी नीट मोजून बघा की दगड किती आणि मासा कुठला, मी एकदा त्यालाच उचलायला गेलो होतो.