दिवस गेलेत? गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

सदाशिव पेठेत मी मेडिकलच्या काउंटरवर असते. संध्याकाळी गर्दीत कुणीतरी घाईघाईने म्हणतं, "अंगदुखीची एक स्ट्रिप द्या." गोळी घरी सहा महिन्यांच्या गरोदर बायकोसाठी आहे, हे मी विचारल्यावरच कळतं. औषध कुणाला आणि कितवा महिना, हे तुम्हीच आधी सांगा. पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असलेल्या गोळ्या सर्रास खपतात. विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेनमुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ताप-अंगदुखीला डॉक्टर सहसा नुसतं पॅरासिटामॉल देतात, तेही लागेल तेवढंच.

मला जास्त भीती वाटते ती उलट्या चुकीची. टेस्ट पॉझिटिव्ह आली की काहीजणी चालू गोळ्या स्वतःच बंद करतात. थायरॉइडची गोळी तर गरोदरपणात बऱ्याचदा वाढवावी लागते! फिट्सची गोळी अचानक सोडली तर फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध बाळासाठी धोक्याचं आहे, हे खरं. बीपीसाठीच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसुद्धा गरोदरपणात चालत नाहीत. पण अशा गोळ्या डॉक्टर बदलून देतात, म्हणून कळल्या दिवशीच फोन करा. मूल हवं असं ठरवतानाच विचारलंत तर फारच उत्तम.

आता लोहाची गोळी. परवा एक ताई म्हणाल्या, "तीन महिने घेतेय, तरी हिमोग्लोबिन हलत नाही." कशी घेता, विचारलं. सकाळी चहाबरोबर, कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाला. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. लोह लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियम जेवणानंतर, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. चहा तासभर लांब ठेवा. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

काढे, चूर्णं, कोरफडीचा रस "आयुर्वेदिकच आहे" म्हणून आपल्या मनाने सुरू करू नका. तीही औषधंच.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. सासूबाईंनी दिलेली पुडीसुद्धा.