मानसिक आजाराची औषधं लागू पडत नाहीत? या चुका टाळा

गावात एकदा ‘याच्या डोक्यावर परिणाम झाला’ असं ठरलं, की त्या माणसाचं बाकीचं अंग कोणी पाहतच नाही. आधी देवरशी, मग जिल्ह्याच्या गावी मानसोपचार. तिथं औषधं दोनदा बदलली, डोस वाढला, तरी फरक नाही. कधी कधी मूळ दुखणं अंगातच असतं. अशा वेळी आणखी जोराची गोळी मागण्याआधी रक्त तपासून मागा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून बी-१२ हे जीवनसत्त्व न तपासणं. बी-१२ कमी पडलं की उदासी, विसरभोळेपणा, संशय, कधी भासही होतात. आणि हिमोग्लोबिन चांगलं असतानाही होतात. तळपायाला मुंग्या येतात का, अंधारात तोल जातो का, हे विचारा. माळकरी घरातला माणूस असेल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर शंका जास्त घ्या. आपल्याकडे विदर्भात त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर. त्या रुग्णांना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू असते. तिच्यामुळे बी-१२ च्या कमतरतेची रक्तातली खूण झाकली जाऊ शकते, नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. आणि ताकदीचं लाल इंजेक्शन टोचून घेऊन मग लॅबमध्ये जाऊ नका. त्यात बहुधा बी-१२ च असतं, आकडा फुगून येतो.

थायरॉइडचं तसंच. ऐन मे महिन्यात ‘कूलर बंद करा’ म्हणणारी, सुस्तावलेली, अंग सुजलेली बाई आळशी नसते, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. लिथियम ही मानसिक आजाराची गोळी घेणाऱ्यांनी तर दर सहा महिन्यांनी करावं, कारण ती गोळीच थायरॉइड मंदावू शकते.

काही गोष्टींना थांबायला वेळ नसतो. तापात बरळणं म्हणजे अंगात येणं नव्हे. गडचिरोलीकडे तर आधी मलेरियाची तपासणी. म्हातारा पडला आणि काही आठवड्यांनी भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर डोक्याचा सीटी स्कॅन. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करून आलेला माणूस घामाघूम, लाळ गळतेय, काहीबाही बोलतोय, तर त्याचे कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखान्यात न्या. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा यवतमाळनं हे फार महागात शिकलं आहे.

टीबीच्या गोळ्या, दम्यासाठीचे स्टेरॉइड यांनीही मन बिघडू शकतं. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, बुवानं दिलेली पुडीसुद्धा. लपवू नका, ते रागावले तरी चालेल. फक्त चालू असलेली मानसिक आजाराची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, रिपोर्टमध्ये काही सापडलं तरी.