व्हॅली ऑफ फायरला जाताना

लास व्हेगासला मुलांकडे आलेले आईवडील जवळचे ठिकाण म्हणून व्हॅली ऑफ फायर या नेवाडाच्या राज्य उद्यानाचा बेत आखतात, तेव्हा प्रथम हे ध्यानात घ्यावे की राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास येथे चालत नाही आणि प्रवेशशुल्क वेगळे भरावे लागते. भेटीसाठी ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि उष्णतेमुळे काही पायवाटा बंदही ठेवल्या जातात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावरील सूचना अवश्य पाहाव्यात.

हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी वाळतो आणि शरीरातील पाणी किती कमी झाले हे कळतच नाही. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी पीत राहावे, माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत ठेवावे आणि सोबत चिवडा किंवा खारे शेंगदाणे असे काही खारट घ्यावे. मोबाइलला सर्वत्र रेंज मिळेल असे गृहीत धरू नये. नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

वेळ कमी असेल तर माउसेस टँक या पावसाचे पाणी साठणाऱ्या खडकातील खोलगट जागेकडे जाणारी छोटी वाट निवडावी, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या तांबड्या खडकांवर, काळपट थर खरवडून कोरलेली प्राचीन चित्रे अगदी जवळून दिसतात. (सेल्फीसाठी त्यांवर हात टेकवणारे महाभाग असतातच.) या चित्रांना स्पर्श मुळीच करू नये. वाट वाळूची असल्याने चपला नकोत, घोट्यापर्यंतचे बूटच घालावेत.