पायथनमधला एरर खालून वर वाचा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम अडकला की स्क्रीनवर पाच-दहा ओळी येतात. नवशिक्याने सगळ्यात आधी शेवटची ओळ वाचावी, कारण चूक कोणत्या प्रकारची आहे आणि का झाली, हे तिथेच असतं. मग तिच्या वरच्या ओळींत आपल्या फाइलचा ओळ क्रमांक शोधावा.

‘नेमएरर’ (नाव ओळखता आलं नाही) म्हणजे बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलंय, लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ झालाय किंवा मजकुराभोवतीचं अवतरणचिन्ह राहिलंय. ‘सिंटॅक्सएरर’ (लिहिण्याच्या नियमांतली चूक) मात्र चकवतो. कंस बंद करायचा राहिला, तर पायथनच्या जुन्या आवृत्त्या पुढच्याच ओळीवर बोट ठेवतात. म्हणून दाखवलेली ओळ बरोबर वाटली तर तिच्या वरची तपासा. ३.१० आवृत्तीपासून न मिटलेला कंस थेट दाखवला जातो.

सगळ्यात वाईट चूक ती, जिच्यात एररच येत नाही. ‘इनपुट’ने (वापरणाऱ्याकडून माहिती घेणाऱ्या आज्ञेने) घेतलेला आकडा हा मजकूर असतो. त्यात १ मिळवायला गेलात तर ‘टाइपएरर’ (माहितीचे प्रकार जुळत नाहीत) येतो, हे बरंच. पण ५ ला २ ने गुणलंत तर गुपचूप ५५ मिळतात! आकडा घेतानाच तो ‘इंट’मध्ये, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या आज्ञेत, गुंडाळा. उत्तर विचित्र आलं, तर गणिताच्या आधीच्या ओळीत व्हेरिएबलचा (आकडा ज्या नावाने साठवलाय त्याचा) ‘टाइप’, म्हणजे प्रकार, प्रिंट करून बघा.