जुनाट वेदनेच्या रुग्णाशी बोलण्याचा सराव कसा करावा

३ महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेत भीती, निराशा आणि हालचाल टाळण्याची सवय यांचाही वाटा असू शकतो; नाशिकमधील फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी हे व्याख्यानापुरते न ठेवता जोडीने प्रसंग उभा करून शिकावे. एकाने द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या, खांदेदुखीमुळे हात वर करायलाच घाबरणाऱ्या मजूर स्त्रीची भूमिका घ्यावी, तर दुसऱ्याने ‘तुम्ही कोणते काम सोडले, आणि ते केले तर काय होईल असे वाटते?’ असे विचारून उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. (हे ऐकणेच सर्वांत अवघड जाते.) ‘दुखणे मनाचे आहे’ असे कदापि म्हणू नये, कारण वेदना खरीच असते. शिक्षकांचा अभिप्राय मिळताच भूमिका बदलून तोच प्रसंग पुन्हा करावा.