चिमणीचा धूर की चौकाचा? सोसायटीत येणारं प्रदूषण ओळखण्याची आणि तक्रार तडीस नेण्याची रीत

भोसरी, चिखली, तळवडे, मोशी या पट्ट्यात एकीकडे एमआयडीसीच्या शेड, दुसरीकडे स्पाइन रोड किंवा नाशिक महामार्ग आणि अधेमधे दहा-बारा मजली सोसायट्या. रात्री खिडकी उघडली की जळका वास येतो आणि सकाळी गॅलरीच्या कठड्यावर काळी पूड साचलेली असते. अशा वेळी बहुतेक जण ‘आमच्या भागात खूप प्रदूषण आहे’ एवढंच लिहून अर्ज देतात. कुठल्या चिमणीतून, किती वाजता, वारा कुठला असताना, हे अर्जात नसतं. अधिकारी भर दुपारी येऊन पाहतात, तेव्हा हवा स्वच्छ असते आणि अर्ज निकाली निघतो. हे टाळायचं तर तीन आठवडे शिस्तीने नोंद ठेवावी लागते. ती कशी ठेवायची आणि पुढे कशी वापरायची, ते इथे दिलं आहे. उदाहरणं पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहेत, पण पद्धत नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा डोंबिवलीतही तशीच चालेल.

आधी आकडे समजून घ्या

मोबाइलवर दिसणारा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा हवेतल्या धुळीचा थेट आकडा नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत बारीक धुळीसाठी २४ तासांची सरासरी धरतात, किमान १६ तासांची मोजणी लागते, आणि सगळ्यांत वाईट ठरणाऱ्या घटकाचा आकडा जाहीर होतो. रात्री ११ ते १ या वेळात तुमच्याकडे कितीही धूर आला तरी सरासरीत तो विरून जातो. म्हणून ‘ॲप तर समाधानकारक दाखवतं’ या उत्तराने गप्प बसू नका, पण ॲपचा आकडा पुरावा म्हणून जोडूही नका. शिवाय परदेशी ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, जर ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असेल, तर भारतीय एक्यूआय १०० येतो आणि अमेरिकी पट्टीवर तोच १५० च्या पुढे जातो. अर्जात असा आकडा गेला की समोरचा अधिकारी पहिल्याच ओळीत तुम्हाला खोटं पाडू शकतो.

अर्जात एक्यूआय लिहूच नका, मायक्रोग्रॅम लिहा. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ साठी २४ तासांची मर्यादा ६० आणि वार्षिक ४० आहे. पीएम १० साठी, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीसाठी, ती अनुक्रमे १०० आणि ६० आहे, तर नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ८० आणि ४०. एका तासाच्या आकड्याची तुलना २४ तासांच्या मर्यादेशी करायची नाही. ही चूक फार होते.

सेन्सर कुठे आणि कसा लावायचा

लेझरवर चालणारे स्वस्त सेन्सर या कामाला पुरतात: एसडीएस ०११, पीएमएस ५००३ किंवा एसपीएस ३०. तिन्हींना ५ व्होल्ट पुरवठा लागतो आणि ईएसपी ३२ या छोट्या वाय-फाय कंट्रोलर बोर्डाला जोडून दर पाच मिनिटांची नोंद ठेवता येते. एसडीएस ०११ चं लेझर साधारण ८,००० तासांचं असतं. अखंड चालवलं तर ते ११ महिन्यांत संपतं, म्हणून पाच मिनिटांत एकच मिनिट चालेल असा प्रोग्रॅम करा. त्या मिनिटातले पहिले तीस सेकंद पंखा स्थिरावण्यात जातात, ते सोडून उरलेल्यांची सरासरी घ्या.

दोन सेन्सर घ्या. एकट्या सेन्सरवर भरवसा ठेवता येत नाही, कारण तो बिघडला तरी आकडे देतच राहतो. आधी दोन दिवस दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. तासाच्या सरासरीत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर एक बदला.

पेटी म्हणून ७५ मिमीचे दोन पीव्हीसी एल्बो जोडून उलटा ‘यू’ करा, दोन्ही तोंडं जमिनीकडे. तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्या आणि कोळी पंख्यात घर करतात आणि आकडा अचानक चढतो किंवा शून्यावर येतो. जमिनीपासून तीन-चार मीटर उंची चांगली, म्हणजे पहिल्या मजल्याची गॅलरी. एक सेन्सर रस्त्याच्या बाजूला लावा, दुसरा कारखान्यांच्या बाजूला. स्वयंपाकघराची खिडकी, एक्झॉस्ट फॅन, एसीचं बाहेरचं युनिट आणि देवघर यांपासून लांब. फोडणी आणि उदबत्ती दोन्हींमुळे आकडा क्षणात शंभरावर जातो, आणि आलेखात तो धूर कारखान्याच्या धुरापासून वेगळा काढता येत नाही.

सगळ्यांत जास्त नोंदी वाया जातात त्या घड्याळामुळे. बोर्ड इंटरनेटवरून वेळ घेतो ती जागतिक वेळ असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. हे दुरुस्त केलं नाही तर रात्री साडेबाराचा धूर संध्याकाळी सातला दिसतो आणि कारखान्याचं खापर वाहतुकीवर फुटतं. पहिल्याच दिवशी सेन्सरजवळ काडी विझवा आणि ती वेळ नोंदीत बरोबर उमटली का ते बघा.

दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर ते जास्त मोजतो. आर्द्रतेचा छोटा सेन्सर सोबत लावा आणि ८० च्या वरच्या नोंदींवर खूण करा. त्या पुराव्यात धरू नका. पावसाळ्यात ही मोजणी करूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत चांगला काळ: रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, वारा पडतो आणि धूर वर न जाता वस्तीतच साचतो. डिसेंबरच्या धुक्यातल्या पहाटा मात्र वगळा.

हे सेन्सर पीएम १० नीट पकडत नाहीत, कारण जाड धूळ त्यांच्या पंख्याने पुरती आत ओढली जात नाही. बांधकामाच्या धुळीबद्दल तक्रार असेल तर सेन्सरपेक्षा फोटो आणि व्हिडिओ जास्त कामाचे. वायू आणि रसायनांचे वास तर त्यांना कळतच नाहीत. तीव्र वास येत असताना आकडा कमी दिसला तर ‘वास’ हा वेगळा रकाना भरा.

आकड्यांना वजन यायला जवळच्या सरकारी केंद्राशी ताळा घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘सफर’ या हवा मोजणाऱ्या प्रकल्पाची केंद्रं भोसरी, निगडी, पाषाण, कात्रज, हडपसर अशा ठिकाणी आहेत. केंद्राजवळ एखाद्या ओळखीच्या घरी सेन्सर सात दिवस ठेवा आणि दोन्हींच्या रोजच्या सरासरी एक्सेलमध्ये शेजारी मांडा. समजा तुमची सरासरी ७८ आणि केंद्राची ६० आली, तर तुमच्या आकड्यांना ०.७७ ने गुणा. अर्जात कच्चा आणि दुरुस्त असे दोन्ही आकडे द्या. लपवाछपवी नाही हे दिसलं की अर्ज गांभीर्याने वाचला जातो.

गुरुवार आणि रविवार

या भागात निसर्गाने नाही, तर वेळापत्रकाने एक सोय करून ठेवली आहे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, तर कार्यालयांची वाहतूक रविवारी उतरते. म्हणजे गुरुवारी रस्ता चालू आणि कारखाने बंद, रविवारी बरोबर उलटं. तीन आठवड्यांचे गुरुवार, रविवार आणि बाकीचे दिवस यांची तासावार सरासरी तीन रेषांत काढा. गुरुवारी रात्रीचा उंचवटा गायब आणि रविवारी तो जागेवर, असं दिसलं तर धूर कारखान्याचा. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ७ ते १० असे दोन उंचवटे गुरुवारीही तसेच राहिले आणि रविवारी बसले, तर वाहतूक. दोन्ही दिवशी रात्री उशिरा किंवा पहाटे वीस-तीस मिनिटांचा टोकदार सुळका येत असेल, तर बहुधा कुठेतरी कचरा किंवा भंगारातली वायर जळते आहे. मात्र भट्ट्या असलेले काही कारखाने गुरुवारीही चालतात, म्हणून संशय असलेल्या शेडची सुट्टी वॉचमनला विचारून खात्री करा.

यावर वाऱ्याची दिशा हवी. गच्चीवर काठीला प्लास्टिकची हलकी पट्टी बांधा, होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच. रोज रात्री ९, ११ आणि पहाटे ५ ला दिशा लिहा, पट्टी लोंबत असेल तर ‘पडलेला’ असं लिहा. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती, जिकडे जातो ती नव्हे.

नोंदवहीत रकाने एवढेच: तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, वाऱ्याची दिशा, वास कसला (रबर, रंग, जळकं प्लास्टिक, आंबट), धुराचा रंग, पीएम २.५, आर्द्रता, फोटोचा क्रमांक. फोटो रोज एकाच जागेवरून काढा आणि पाण्याची टाकी किंवा विजेचा मनोरा असं काहीतरी कायमचं चौकटीत येऊ द्या.

वाफेचा फोटो पाठवू नका. वाफ चिमणीच्या तोंडापासून जरा वर सुरू होते आणि थोड्या अंतरात विरते. धूर तोंडापासूनच सुरू होतो आणि लांबवर रेंगाळतो. वाफेच्या फोटोवर केलेली एक तक्रार पुढच्या दहा खऱ्या तक्रारींची किंमत घालवते.

कन्सेंट वाचा

हवा कायदा १९८१ च्या कलम २१ नुसार कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. सगळे त्याला कन्सेंट म्हणतात. मंडळाच्या संकेतस्थळावर कारखान्याच्या नावाने शोधलं तर त्याची प्रत मिळते. त्यात चार गोष्टी बघा: मुदत कधीपर्यंत आहे, इंधन कुठलं आणि दिवसाला किती, चिमण्या किती आणि किती उंच, आणि धूर गाळायला काय लावलं आहे: सायक्लोन (हवा फिरवून धूळ वेगळी करणारा), बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) की स्क्रबर (पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुणारा). कागदावर एक चिमणी असेल आणि गच्चीवरून दोन दिसत असतील, तर तुमच्या तीन आठवड्यांच्या आकड्यांपेक्षाही हा एक फोटो भारी पडतो. कागदावर पाइप्ड गॅस आणि फाटकातून ट्रकने लाकडाचे ओंडके जात असतील, तरीही तेच.

डिझेल जनरेटरच्या धुराड्याची उंची तर साध्या हिशेबाने तपासता येते. जनरेटरवर लिहिलेल्या केव्हीए आकड्याचं (त्याच्या क्षमतेचं) वर्गमूळ काढा, ०.२ ने गुणा आणि तो ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीत मिळवा. २५० केव्हीएचं वर्गमूळ १५.८, म्हणून छताच्या वर सुमारे ३.२ मीटर. हा नियम सोसायटीच्या स्वतःच्या जनरेटरलाही लागू आहे, तेव्हा अर्ज देण्याआधी आपलं धुराडं मोजून घ्या.

अर्ज

एका अर्जात एकच विषय. मंडळाच्या आपल्या भागातल्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावाने लिहा, प्रत महापालिकेच्या पर्यावरण विभागाला. कचरा जाळण्याची आणि बांधकामाच्या धुळीची तक्रार मात्र आधी महापालिकेकडेच करा, आणि धूर ओकणाऱ्या वाहनाची नंबरासह आरटीओकडे. मजकूर असा ठेवा:

‘दिनांक … ते … या २१ दिवसांत १४ रात्री ११ ते २ या वेळात वारा ईशान्येकडून असताना भूखंड क्रमांक … येथील चिमणीतून काळा धूर आला. गुरुवारच्या तीनही रात्री तो नव्हता. संमतीपत्रात चिमणीची उंची … मीटर नमूद आहे. कृपया रात्री ११ नंतर स्थळ पाहणी करावी, चिमणीतील उत्सर्जनाचा नमुना घ्यावा आणि अहवालाची प्रत द्यावी.’

‘रात्री ११ नंतर’ हे शब्द सोडू नका, सगळी मेहनत त्यांच्यासाठीच आहे. ‘आमच्या सेन्सरने प्रदूषण सिद्ध झालं’ असं लिहू नका. मंडळाच्या लेखी कायदेशीर मोजणी त्यांच्या नमुन्याचीच, तुमचे आकडे त्यांना कधी आणि कुठे यायचं ते सांगतात. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारलं तर ‘ही माहिती नाही’ म्हणून फेटाळतात. त्याऐवजी कागद मागा: आवक क्रमांक अमुकवरील स्थळ पाहणी अहवालाची प्रत, मागच्या एका वर्षातले चिमणी नमुन्यांचे अहवाल, दिलेल्या नोटिसांच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे. तिथे न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खाली जायचं तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस. त्यामुळे नोंदवहीतली पहिली तारीख विचार करून टाका. ‘गेली पाच वर्षं हा त्रास आहे’ हे भावनेच्या भरात लिहिलेलं वाक्य पुढे मुदतीच्या मुद्द्यावर अंगाशी येऊ शकतं.

तोवर घरात

तुमच्याच आलेखात कुठल्या तासांत धूर येतो ते आता कळलं आहे. तेवढा वेळ त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा आणि दुपारी, वारा चालू असताना, घर मोकळं करा. लहान मूल किंवा दमेकरी असलेल्या खोलीत एअर प्युरिफायर घ्यायचा तर खोलीचं घनमान गुणिले पाच एवढी ताशी क्षमता हवी: १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर, तर ताशी १७० घनमीटर. हेपा फिल्टर धूळ अडवतो, रसायनाचा वास अडवत नाही.

मंडळाने आदेश दिला, बॅग फिल्टर बसला, तरी सेन्सर काढू नका. आधीच्या आणि नंतरच्या नोंदींतले वाऱ्याच्या त्याच दिशेचे आणि त्याच तासांचे आकडे शेजारी ठेवा. जानेवारीचे आकडे एप्रिलशी ताडू नका, कारण उन्हाळ्यात हवा वर उठते आणि आकडा आपोआप उतरतो. तुलना पुढच्या जानेवारीशी करा. फाटलेल्या पिशव्या बदलल्या नाहीत तर बॅग फिल्टर काही महिन्यांत निकामी होतो, आणि ते सगळ्यांत आधी तुमच्या रात्रीच्या रेषेत दिसतं.