न सांगितलेल्या कामाचे बिल आले तर

गणपतीला गावी आलेला चाकरमानी जुने घर पाडून नवे बांधायचा विचार बोलून दाखवतो, शेजारचे कोणी ओळखीच्या आर्किटेक्टला घेऊन येते, तो टेप लावून परडे मोजतो, किनारा जवळ असल्याने सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) परवानगीबद्दल चार गोष्टी सांगतो आणि चहा घेऊन निघून जातो. दिवाळीच्या सुमारास व्हॉट्सॲपवर बिल येते : नकाशे व सल्ला ४५,००० रुपये, १८ टक्के जीएसटी ८,१०० रुपये, एकूण ५३,१०० रुपये. अशा वेळी फोनवर हुज्जत घालू नये आणि गप्पही बसू नये. आठवडाभरात लेखी उत्तर द्यावे.

काम सांगितले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे मागणाऱ्यावर असते. मात्र करार तोंडीही होऊ शकतो, त्यामुळे अंगणात उभे राहून म्हटलेले ‘बघा, करून टाका’ अंगाशी येऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे, फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ आपण घेतला, तर करार नसतानाही मोबदला द्यावा लागू शकतो. म्हणून आलेले नकाशे ग्रामपंचायतीत दाखल करू नयेत, गवंड्याच्या हाती देऊ नयेत; उत्तरासोबत परत पाठवावेत.

कोकणात याला आणखी एक फाटा फुटतो. सातबारा सामाईक असतो, त्यावर भावकीतली दहा-बारा नावे असतात आणि होकार गावातल्या चुलतभावाने परस्पर दिलेला असतो. त्याला मुखत्यारपत्र किंवा अन्य अधिकार दिलेला नसेल आणि तसा समज आपण वागण्यातून करून दिलेला नसेल, तर त्याचा होकार आपल्यावर बंधनकारक ठरत नाही. भावकीत कटुता नको म्हणून हा मुद्दा गाळण्याचा मोह होतो. पण पत्रात तो यायलाच हवा.

पत्र छोटे असावे : ‘आपले अमुक क्रमांकाचे बिल मिळाले. त्यात नमूद केलेले नकाशे तयार करण्यास मी किंवा माझ्या वतीने अधिकृत व्यक्तीने सांगितलेले नाही व शुल्क ठरलेले नाही. नकाशांचा वापर केलेला नाही. ते सोबत परत करीत आहे. बिल मला अमान्य आहे. कामाच्या मागणीचा लेखी पुरावा असल्यास पंधरा दिवसांत पाठवावा.’ हे स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवून पोच जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नये, गैरसोयीचे असले तरी.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही पोर्टलवर तपासावा. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीला जीएसटी आकारताच येत नाही.

पाहणीसाठी बोलावणे आपणच धाडले असेल, तर त्या फेरीचे वाजवी पैसे द्यावेत, असे माझे मत आहे. फक्त ते बँकेतून द्यावेत आणि ‘केवळ पाहणीपोटी, उर्वरित बिल अमान्य’ असे लिहून द्यावेत. ‘सध्या एवढे ठेवा’ म्हणून दिलेले दहा हजार पुढे बिल मान्य केल्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात.

काही सेवा घेतली आणि पैसे देऊन वा कबूल करून वर भलतीच आकारणी झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा रत्नागिरी, सिंधुदुर्गसारख्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. सेवा घेतलीच नसेल, तर ‘ग्राहक’ म्हणून उभे राहणे अवघड असते. तेव्हा पत्र देऊन ठाम राहावे आणि वसुलीचा दावा समोरच्याला करू द्यावा. वकिलाच्या बिलासाठी ग्राहक आयोगाचा मार्ग उपलब्ध नाही, कारण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे. आर्किटेक्टच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार वास्तुकला परिषदेकडे करता येते. तिच्याकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला आर्किटेक्ट ही पदवी लावण्याचाही अधिकार नाही, तेव्हा बिलावरचा नोंदणी क्रमांक आधी पाहावा.